झोपेत पाठ झालेला रस्ता

ज्या रस्त्याने वीस वर्षे रोज गेलो आणि आलो, तो रस्ता मी कधी पाहिलाच नव्हता, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळले.

पहिल्या पाळीची कंपनीची बस संत तुकाराम नगरच्या कोपऱ्यावरून पहाटे पाच चाळीसला सुटे. आत चढून खिडकीला डोके टेकले की डोळे आपोआप मिटत. ते उघडत ते चाकणच्या पुढे, कंपनीच्या फाटकाशी चालक हँडब्रेक ओढी त्या करकरीने. मधला सगळा रस्ता आम्हांला झोपेतून ठाऊक होता. भोसरीत पाव भाजल्याचा वास नाकात शिरला की अजून बराच वेळ आहे, असे अंग स्वतःलाच सांगे आणि आणखी खोल जाई. मोशीच्या अलीकडे लागोपाठ तीन गतिरोधक येत. पहिल्याला मान हले, तिसऱ्यापर्यंत ती पुन्हा जागेवर बसे. इंद्रायणीच्या पुलावर थंडीच्या दिवसांत असा गारठा आत येई, की डोळे न उघडता चाळीस हात एकदम उठत आणि खिडक्यांच्या काचा सरकवून पुन्हा मांडीवर पडत. दुपारी परतताना ऊन डोळ्यांवर येई, म्हणून पडदे ओढलेले असत. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर कोणते झाड आहे, कोणाचे घर आहे, हे कुणी विचारले असते तर मला सांगता आले नसते.

हे माझ्या ध्यानात आणून दिले ते माझ्या एका सोबत्याने. तो माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, लातूरकडचा. आमच्याच लाइनवर कंत्राटी कामगार म्हणून लागला आणि पुढे कायम झाला. गेल्या वर्षी त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. वडील थकले होते, गावी भावाने दोन खोल्या वाढवून ठेवल्या होत्या. चिखलीतले घर आवरून शनिवारी तो बायकोसह कायमचा निघणार होता. त्याच्या आठवडाभर आधी तो मला म्हणाला,

"भाऊ, एक काम राहिलंय माझं इथलं. ह्या रस्त्यानं एकदा डोळे उघडे ठेवून जायचंय. चालत. थांब्यापासून फाटकापर्यंत."

"फाटकापर्यंत? वीस-बावीस किलोमीटर आहे ते."

"मग? गुरुवारी सुट्टीच हाय की तुम्हाला. का बसशिवाय जमत नाई?"

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो, आणि त्यामागचे कारण रस्ता पाहण्याची हौस हे नव्हते. या माणसाला मला एक गोष्ट सांगायची होती. अठरा वर्षे ती सांगायची राहिली होती, आणि शनिवारनंतर तो मला रोज भेटणार नव्हता.

ती गोष्ट येथेच सांगून टाकतो. ती लपवून पुढचे लिहिणे मला जमणार नाही.

त्या काळी आमच्या बसची यादी माझ्याकडे असे. कोण कुठे चढतो, कोण कुठे बसतो, गाडी केव्हा हलवायची, हे मी ठरवीत असे. या कामाचा वेगळा पगार नव्हता, पण ऐट होती. माझ्या खिशाला शिटी असे. एका आठवड्यात आमची बस सलग तीन दिवस सर्वांत शेवटी पोहोचली आणि मला बोलणी बसली. त्याच आठवड्यात हा सोबती रोज शेवटच्या क्षणी, एक पाय ओढत येई. गाडीतले लोक "आले, नवरदेव आले" असे ओरडत. हलके काम मिळावे म्हणून लंगडण्याचे नाटक करणारे काही जण मी पाहिले होते. याचेही तेच चालले आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले. चौथ्या पहाटे तो रस्त्याच्या दिव्याखाली आलेला मला स्पष्ट दिसला. साठेक पावले दूर असेल. त्याने हात वर केला होता. माझ्या घड्याळात पाच अडतीस झाले होते.

चालक मोशीच्या जुन्या घरचा, वयस्क माणूस. तो म्हणाला, "ते काय, येत्यात. दिसत न्हाई का?"

मी म्हणालो, "हलवा गाडी."

कंत्राटी मुलांना कायम करण्यासाठीची चाचणी त्याच सकाळी सात वाजता होती, हे मला जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये कळले. तो रिक्षा आणि ट्रक करत साडेआठला पोहोचला तेव्हा खोलीचे दार बंद झाले होते. पुढची चाचणी तीन वर्षांनी निघाली. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, "साहेब, गाडी लवकर गेली का काल?" मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "गाडी वेळेवरच सुटली. तू दिसला नाहीस." गाडी हलवली तो राग होता, आणि रागाला तरी एखादे कारण देता येते. पण त्या उत्तराला मी अजून कारण शोधू शकलेलो नाही. त्याच क्षणी वर जाऊन अधिकाऱ्यांना खरे सांगितले असते, तर कदाचित त्याची चाचणी पुन्हा घेतली असती. मी वर गेलो नाही. नंतर आमची मैत्री झाली, तो मला साहेब म्हणायचा तो भाऊ म्हणू लागला, आणि ती मैत्री जितकी वाढली तितके ते सांगणे अवघड होत गेले.

गेल्या पावसाळ्यात माझी डावी टाच दुखू लागली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की तळव्यात खिळा शिरल्यासारखे होई. भिंतीला धरून दहा-बारा पावले टाकावी लागत. मग हळूहळू तो खिळा बोथट होई. त्या भिंतीशी उभा असताना एका सकाळी मला दिव्याखालचा तो माणूस आठवला, एक पाय ओढत येणारा. पहाटे, उठल्याउठल्या. ते नाटक नव्हते, हे माझ्या टाचेने मला सांगितले.

त्या गुरुवारी मी पाच वाजता बूट चढवीत होतो. मार्गशीर्षाचा गुरुवार असल्याने बायको आधीच उठून पूजेसाठी चौरंग पुसत होती.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला?"

"चालत राहा म्हणाले."

"बागेत. बागेत चालत राहा म्हणाले. चाकणला नाही." तिने माझ्या बुटात जेलची गादी नीट बसली आहे का, हे बोट घालून पाहिले. "आणि बरोबर येणाऱ्यांना सांगितलंय का, टाच दुखते म्हणून?"

"सांगेन वाटेत."

"तुमचं सगळं वाटेतच," ती म्हणाली आणि पुन्हा चौरंगाकडे वळली.

सोबती थांब्यावर माझ्या आधीच येऊन उभा होता. चिखलीहून रिक्षाने आला होता. अंगात जुना स्वेटर, पायांत कंपनीचेच सेफ्टी शूज. धुके असे दाट होते, की समोरच्या इमारतीचा फक्त तिसरा मजला दिसत होता. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्याशा कंपनीची बस आली, थांबली, दोघांना घेऊन गेली. तिच्या खिडक्यांना टेकलेली डोकी आमच्यासमोरून सरकली. तोंडे किंचित उघडी, मफलर हनुवटीखाली. क्षणभर मला वाटले, आमचीच बस आहे, आणि त्यातला तिसऱ्या खिडकीतला माणूस मीच आहे. मी झोपलेला पुढे गेलो आणि जागा असलेला मागे उरलो.

"बघा," सोबती हळूच म्हणाला, "असे दिसायचो आपण. मेल्यासारखे."

आम्ही नेहरूनगरच्या बाजूने भोसरीकडे निघालो. पहिला अर्धा तास टाच गप्प होती. बेकरीचा वास आला तेव्हा आम्ही दोघेही थबकलो, एकमेकांकडे पाहिले आणि हसलो. वीस वर्षे मी ती बेकरी रस्त्याच्या डाव्या हाताला आहे असे समजत होतो. ती उजव्या हाताला होती, एका गल्लीच्या आत, आणि इतकी लहान, की एवढ्या वासाला ती पुरते कशी, हेच नवल. सोबत्याने गरम पाव घेतले. ते खिशात ठेवून आम्ही खिसे उबदार करून चाललो.

पुढे रस्ता रुंद करताना अर्धे कापलेले एक घर लागले. मागचा भाग उभा होता, आणि आतली भिंत आता रस्त्याकडे तोंड करून होती: निळा रंग, फडताळाच्या तीन फळ्या, ओट्यावरच्या पांढऱ्या फरशा, त्यावर फोडणीचे जुने डाग. सोबती तिथे बराच वेळ उभा राहिला.

"भाऊ, म्हंजे आपली बस रोज ह्यांच्या स्वयंपाकघरातून जायची."

"रस्ता झाला तेव्हापासून."

"आन् आपण झोपलेलो. पायबी पुसले नाईत."

धुक्यातून ट्रक येत ते आधी फक्त आवाज असत, मग दोन पिवळी वर्तुळे, मग एकदम भिंतीएवढे अंग. आम्ही कडेच्या मातीतून चाललो होतो. त्या मातीवर चालणे म्हणजे झोपेत चालण्यासारखेच होते; पाऊल टेकले की नाही, हे उशिरा कळे. मी मनातल्या मनात वाक्ये जुळवीत होतो. तुला आठवते का, असे सुरू करावे. की मला क्षमा कर, असे एकदम? प्रत्येक वाक्य एखाद्या खांबापर्यंत टिके, आणि तो खांब मागे पडला की वाक्यही मागे पडे. पुढचा चौक आल्यावर बोलू, असे मी चार चौकांना म्हणालो.

मोशीला धुके विरले. टपरीवर आम्ही पाव चहात बुडवून खाल्ले. बाकावर बसण्याचा मोह आवरला नाही, आणि तीच चूक झाली. पंधरा मिनिटांनी उठलो तेव्हा टाचेतून अशी कळ वर आली, की मी टपरीचा खांब धरला. सोबती पैसे देऊन वळला आणि त्याने ते पाहिले.

"भाऊ! तुम्ही लंगडायलाव."

"थोडंसं. चालायला लागलं की जातं."

"सकाळी जास्त? बसून उठलं की जास्त?"

"हो."

"पाय टेकला की खिळा?"

मी मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर असे हसू आले, जसे आपल्याच गावचा माणूस परमुलखात भेटावा.

"हे मला होतं की! लई छळलं. दोन वर्षं. आता बसू नका बरं का कुठंच. बसलात की संपलात. वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आन् टाच दाबायची. बायकोनं रोज दाबून घेतली माझ्याकडून. बूट काढा, बघू."

"इथं?"

"मग काय, फाटकात काढता?"

टपरीवाला, चहा पिणारे दोन हमाल आणि एक कुत्रे यांच्यासमोर त्याने माझा बूट काढायला लावला, जेलची गादी उलटसुलट केली, आपला रुमाल चौपदरी दुमडून तिच्याखाली घातला आणि नाडी त्याला हवी तशी बांधली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून एका पायावर उभा होतो. खाली वाकलेल्या त्याच्या डोक्यावरचे पांढरे केस मला दिसत होते. बोलायचे तर आत्ताच, असे वाटले, आणि मी बोललो नाही.

तो चालता चालता स्वतःच बोलू लागला. इंद्रायणीचा पूल जवळ आला होता.

"ही टाच होती ना, तेव्हाच परमनंटची पहिली टेस्ट हुकली माझी. तुम्हाला आठवत नसंल. माझी बस गेली त्या दिवशी."

मी म्हणालो, "आठवतं."

"माझंच घड्याळ मागं होतं. का टाचेनं उशीर केला, काय की. मी म्हनायचो वेळेवर होतो, पण गाडीच गेलेली. मग माझं खरं कोण धरणार? बायको म्हनायची, पाच मिनिटं आधी उठले असते तर! भांडण कशाचंबी असू द्या, शेवटाला तिथंच यायची. तीन वर्षं ऐकलं. लेकरं बारकी होती, तीबी म्हनायची, पप्पा उशिरा उठतेत." तो हसला. "त्याच्यानंतर मी घड्याळ दहा मिनिटं पुढं करून ठिवलं. अजून तसंच हाय."

आम्ही पुलावर आलो. बसमध्ये अंगावर येणारा तो गारठा आता नव्हता; दहाचे कोवळे ऊन होते, आणि खाली पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर इतका अखंड पसरला होता, की नदी कोणीतरी पांघरूण घालून निजवली आहे असे वाटे. सोबती कठड्याला टेकून खाली बघत होता. मी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि मला उमगले, की इतकी वर्षे मी माझ्या अपराधाचे माप चुकीचे धरले होते. मी धरले होते तीन वर्षांचे कंत्राटी काम. ते खोटे त्याच्या घरात काय होऊन शिरले होते, याचा विचार मी केलेला नव्हता. माझे खोटे त्याने स्वतःवर घेतले होते. स्वतःच्या बायकोपुढे आणि मुलांपुढे तो माझ्या जागी उभा राहिला होता, आणि ते त्याला ठाऊकही नव्हते.

पूल ओलांडून आम्ही चिंबळी फाट्याकडे चाललो. सुमारे तासभर तो मला झाडे दाखवीत होता, एका कारखान्याच्या कुंपणावर चढलेला कारल्याचा वेल दाखवीत होता. टाच आता दुखत नव्हती असे नाही. दुखणे सगळ्या पायात पसरून पातळ झाले होते, आणि त्या पातळ दुखण्यावर मी तरंगत चाललो होतो. ट्रक, टपऱ्या, सुट्ट्या भागांच्या वर्कशॉपचे पत्रे, सगळे काचेपलीकडून जाते तसे जात होते. पुन्हा बसमध्ये बसल्यासारखे. कुरुळीच्या पुढे मी थांबलो.

"तुझं घड्याळ मागं नव्हतं," मी म्हणालो.

"काय?"

"त्या दिवशी. तू वेळेवर होतास. वेळेच्या आधी होतास. पाच अडतीस झाले होते. तू दिव्याखाली आला होतास, हात वर केला होतास. मी पाहिलं. चालक म्हणाला येतोय म्हणून. मी त्याला गाडी हलवायला सांगितलं."

शेजारून एक कंटेनर गेला, त्याला जाऊ देण्याइतका वेळ आम्ही दोघेही उभे राहिलो.

"मला वाटलं, तू लंगडण्याचं नाटक करतोस. आणि दुसऱ्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. मला तोवर टेस्टचं कळलं होतं. तरीही खोटं बोललो."

"नाटक," तो म्हणाला.

क्षमा कर, हे शब्द तोंडाशी होते. पण ते उच्चारले असते तर लगेच त्याच्याकडून काहीतरी मागितल्यासारखे झाले असते.

तो वळला आणि चालू लागला. वेगाने. मला तो वेग धरता येणे शक्य नव्हते. आमच्यात पन्नास पावलांचे, मग शंभर पावलांचे अंतर पडले. त्याचा स्वेटर कंबरेला बांधलेला होता, त्याच्या बाह्या दोन्ही बाजूंनी हलत होत्या. तो एखाद्या रिक्षाला हात करील आणि जाईल, असे मला वाटत होते, आणि तसे झाले तर ते योग्यच आहे, असेही वाटत होते. रस्ता उन्हाने पांढरा पडला होता. मी त्या बाह्यांकडे बघत चाललो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मधल्या एका टपरीवाल्याने मला "काका, पाणी?" असे विचारलेले आठवते, आणि मी ते न घेता पुढे गेल्याचेही.

चाकण जवळ आल्याचे कांद्याच्या वासाने कळले. बाजाराकडे वळणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. रस्त्यावर कांद्याची सालपटे वाऱ्याने इकडून तिकडे सरकत होती, गुलाबी, पारदर्शक, वजन नसलेली. एका वजनकाट्याच्या भिंतीच्या सावलीत तो थांबला होता. मी पोहोचलो तेव्हा त्याच्या हातात मोबाइल होता.

"मी विचार करायलो," तो म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, पण रोजचाही नव्हता. "तुमच्यावर ओरडावं का काय करावं. ओरडून काय? अठरा वर्षं झाली. मी परमनंट झालो, लेकरं शिकली. तुम्हाला काय बोलू आता?"

"जे वाटेल ते बोल."

"मला काय बोलायचं नाई. तिला सांगा."

"कुणाला?"

"बायकोला. मी वेळेवर होतो, हे सांगा तिला. मी सांगून उपयोग नाई. मी अठरा वर्षांमागं सांगितलेलंच हाय ते." त्याने नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "माझ्यासमोर सांगा."

त्याच्या बायकोच्या हातचे मी अनेकदा जेवलो होतो. ती मला भाऊजी म्हणे. पलीकडे फोन उचलला गेला तेव्हा खोक्यांना चिकटपट्टी लावण्याचा चर्र आवाज येत होता.

"अहो, पोचलाव का? कुठं हाव?"

"वहिनी, मी बोलतोय."

"भाऊजी! काय झालं? ह्यांना काय झालं?"

"काही नाही. ते इथंच आहेत, बरे आहेत. मला तुम्हाला एक सांगायचंय." आणि मी सांगितले. सोबत्याला सांगितले होते त्यापेक्षा हे अवघड गेले, कारण मध्येच ती "थांबा" म्हणाली आणि मला मागे जाऊन पुन्हा सांगावे लागले. चिकटपट्टीचा आवाज थांबला होता.

"म्हंजे हे थांब्यावर होते?"

"हो."

"टायमाच्या आधी?"

"दोन मिनिटं आधी."

"आन् तुम्ही बघितलं व्हतं ह्यांला."

"पाहिलं होतं, वहिनी."

मग ती बोलली, आणि ते माझ्याशी बोलणे होते की नाही, मला ठाऊक नाही. "मी ह्या माणसाला काय काय बोलले. माझ्या आईसमोर बोलले. आळशी म्हनले." तिचा आवाज एकदम धारदार झाला. "भाऊजी, तुम्ही माझ्या घरी जेवायलाव इतकी वर्षं. एकदाबी घास अडकला नाई?"

"अडकला," मी म्हणालो. "पण गिळला."

"फोन त्यांना द्या."

सोबत्याने फोन घेतला आणि तो भिंतीच्या पलीकडच्या टोकाला गेला. वजनकाट्यावर एक ट्रक चढत होता. त्या घरघरीत सोबत्याचे शब्द मला ऐकू येत नव्हते. पाठ दिसत होती. एकदा त्याने मनगटाने डोळे पुसले. एकदा तो हसल्यासारखा वाटला, पण खांदे तसे दोन्हींसाठी हलतात. मी सावलीत उभा होतो आणि माझ्या मनात आश्चर्यकारक शांतता होती; सुटल्याची नाही, तर काही मागण्याचा हक्क उरला नाही म्हणजे जी येते ती.

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"काय म्हणाल्या?"

"बरंच." त्याने फोन खिशात ठेवला. "ते आमचं आमचं हाय."

"हो."

"एक तुमच्यासाठी हाय. ती विचारायलीय, ताईंना ठाऊक हाय का हे?"

ताई म्हणजे माझी बायको. त्या दोघींचे माझ्याविना जाणे-येणे होते. त्याच संध्याकाळी मी आणि बायको गुरुवारच्या जेवणाला त्यांच्याकडे जाणार होतो.

"नाही," मी म्हणालो. "तिला नाही सांगितलं कधी."

"मग ती म्हनली, आधी ताईंना सांगा. मग यायचं का नाई ते दोघं मिळून ठरवा. मी नका येऊ म्हनत नाई. या पण म्हनत नाई अजून."

फाटक अजून तासाभराच्या वाटेवर होते. तो भिंतीला टेकून माझी वाट पाहू लागला, दुसरीकडे तोंड करून, म्हणजे मला मोकळेपणी बोलता यावे. मी फोन काढला. घरी या वेळी बायको कहाणीची पोथी वाचून उठली असणार. दोनदा रिंग वाजली.

"पाय कसा आहे?" तिने पहिल्यांदा विचारले ते हेच.

"बरा आहे," मी म्हणालो. मग माझे मलाच ते ऐकू आले.

"नाही," मी म्हणालो. "पाय खूप दुखतोय. पण मी त्यासाठी फोन केलेला नाही. तू जरा बस."